डेस्मंड ब्लूर यांचा होकार

डेस्मंड ब्लूर यांनी उभं आयुष्य ‘नाही’ या एका शब्दावर काढलं. इंग्लंडमधल्या बर्स्लेम या चिनी मातीच्या भांड्यांच्या गावात, ज्या कारखान्यात ते ताटल्या भाजायच्या भट्टीवर होते, तिथे ते कामगारांचे पुढारीही होते. मालकांनी कागद पुढे केला की ते आधी ‘नाही’ म्हणत आणि मग तो वाचायला घेत. जेवणाची सुट्टी कमी करायची? नाही. रविवारी भट्टी चालू ठेवायची? नाही. मालकांच्या मुलीचं लग्न ठरलंय, त्या आनंदात सगळ्यांना केक वाटायचाय? नाही, त्यात काहीतरी डाव असणार. माझे वडील त्याच कारखान्यात होते. संध्याकाळी घरी येऊन बूट काढता काढता ते आईला सांगत, “ब्लूर नाही म्हणाला,” आणि ते अशा आनंदात सांगत की लहानपणी मला वाटायचं, ब्लूर नाही म्हणाला की घरात काहीतरी गोड मिळतं.

शेवटी कारखान्यालाच कुलूप लागलं. काम परदेशात गेलं. डेस्मंड तेव्हाही फाटकात उभे राहून नाही म्हणत होते, पण तिथे ऐकायला कुणी उरलं नव्हतं. मग ते बोल्स क्लबचे अध्यक्ष झाले. हिरवळीवर जड गोळे घरंगळवायचा हा खेळ म्हाताऱ्यांना चार घटका शांतता लाभावी म्हणून कुणीतरी काढला असावा. डेस्मंड अध्यक्ष झाले आणि तो हेतू निकालात निघाला.

अशा माणसाला देवानं कुठे गाठावं, तर ओटकेकच्या, म्हणजे आमच्याकडच्या ओटच्या धिरड्यांच्या, दुकानासमोरच्या रांगेत. रविवारची सकाळ होती. एक गृहस्थ मध्येच घुसले. त्यांना नाही म्हणायला डेस्मंड यांनी तोंड उघडलं आणि शब्द आलाच नाही. उजवा हात लुळा पडला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि ते रांगेतच खाली बसले. लोकांनी अँब्युलन्स बोलावली, अंगावर कोट घातला, धीर दिला. घुसलेल्या गृहस्थांना ओटकेक मात्र मिळाले, असं मी ऐकते.

मी स्पीच थेरपिस्ट. मेंदूला झटका येऊन हॉस्पिटलातून घरी आलेल्या लोकांच्या घरोघरी जायचं आणि त्यांना पुन्हा बोलायला नि गिळायला शिकवायचं, हे माझं काम. वीस वर्षं करतेय, तरी माझ्या सख्ख्या मावशीची अशी समजूत आहे की मी लोकांचे उच्चार सुधारते. माझ्यासमोर ती बीबीसीवर बातम्या देत असल्यासारखी बोलते आणि मी गेल्यावर दमून झोपते.

ब्लूर यांच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा दार त्यांच्या बायकोनं, ऑड्रींनी उघडलं. बारीक चणीच्या, पांढऱ्या केसांच्या. त्याच कारखान्यात त्या कपांवर फुलं रंगवायच्या. बोटं अजून तशीच, काहीही उचलायचं तर अलगद.

“ये पोरी. रोवीना ना तू? सॉल्टांची?”

“हो, धाकटी.”

“तुझे वडील फार चांगले होते हो. डेस, बघ कोण आलंय. सॉल्टांची रोवीना.”

डेस्मंड खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. दाढी नीट केलेली, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. त्यांनी मान हलवली. “हो,” ते म्हणाले.

मी माझे नेहमीचे प्रश्न काढले. “तुमचं नाव डेस्मंड आहे का?”

“हो.”

“तुमचं नाव ऑड्री आहे का?”

“हो.”

“ही खुर्ची घोडा आहे का?”

“हो,” डेस्मंड म्हणाले आणि लगेच डोळे मिटून त्यांनी डावा हात कपाळावर मारला. शब्द चुकीचा गेला हे त्यांना ऐकू आलं होतं. पुन्हा प्रयत्न केला. मानेच्या शिरा ताणल्या, ओठ जुळवले, आणि सगळा जोर लावून जे बाहेर आलं ते म्हणजे आणखी एक, जास्त ठणठणीत “हो!”

याला वाचाघात म्हणतात. बुद्धी जागच्या जागी असते, आठवण शाबूत असते, राग तर दुप्पट असतो. फक्त मनातला शब्द तोंडाकडे येताना वाट चुकतो. काहींच्या तोंडात एकच शब्द अडकून राहतो आणि काहीही म्हणायचं असलं तरी तोच बाहेर पडतो. तो निवडायची सोय नसते. कुणाच्या वाट्याला ‘मंगळवार’ येतो, कुणाच्या वाट्याला शिवी. माझ्या एका पेशंट पाद्रीबाबांना शिवी मिळाली होती. त्यांना भेटायला येणाऱ्या भाविकांची संख्या त्यानंतर बरीच वाढली. डेस्मंड ब्लूर यांच्या वाट्याला जगातले इतके शब्द सोडून नेमका ‘हो’ आला.

ऑड्री आधी हसल्या. “लग्नाला पन्नास वर्षं झाली, पोरी. पहिल्यांदा ऐकतेय मी हा शब्द. चर्चमध्येसुद्धा नुसती मान हलवली होती यानं.” मग त्यांनी ॲप्रनचं टोक डोळ्यांना लावलं आणि “चहा टाकते” म्हणून आत गेल्या.

चहाचंही एक होतं. झटक्यानंतर गिळणं मंदावतं आणि पातळ पदार्थ श्वासनळीत जायची भीती असते, म्हणून चहात पावडर घालून तो घट्ट करायचा असतो. त्याची चव कशी लागते ते मला विचारू नका. पेशंटना मी “सवय होते” असं सांगते. स्वतः एकदाच घेतलाय. आता आमच्या गावची खोड अशी की हातात कप आला की माणूस तो उलटा करून बुडाचा शिक्का बघतो, कुणाच्या कारखान्याचा ते कळायला हवं. राजवाड्यात बोलावलं तरी बघेल. डेस्मंड यांनी डाव्या हातानं कप उचलला आणि सवयीनं उलटा केला. चहा सांडला नाही. आत जिथे होता तिथेच बसून राहिला.

त्यांनी चहाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“हो,” ते म्हणाले. या होकाराचा अर्थ लावायला मला कुठलीही चाचणी घ्यावी लागली नाही.

*

अशी बातमी लपत नाही. ब्लूर बरा होऊन घरी आलाय आणि सगळ्याला हो म्हणतोय, हे आठवड्याभरात सगळ्यांना कळलं. आमचे लोक मूळचे प्रेमळ. ते चौकशीला येऊ लागले, आणि आलोच आहोत तर म्हणून एखादं जुनं काम काढू लागले.

शेजारच्यांना मागच्या भिंतीला लागून खोली काढायची होती. अकरा वर्षं अडली होती. ते द्राक्षं घेऊन आले आणि होकार घेऊन गेले. बोल्स क्लबचा चिटणीस मॉरिस फर्निहफ फुलं घेऊन आला. क्लबात नाणी टाकून खेळायची जुगाराची यंत्रं बसवायची, ही त्याची जुनी हौस होती.

“अध्यक्षांच्या परवानगीशिवाय मी एक खिळा ठोकणार नाही,” मॉरिस खुर्ची ओढून म्हणाला. “तर मग, डेस, बसवू ना यंत्रं?”

“हो,” डेस्मंड म्हणाले. डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटत होता, चेहरा लाल झाला होता.

“बघा, किती उत्साह आहे!” मॉरिस ऑड्रींना म्हणाला. “आजारपणानं माणूस केवढा सुधारला हो.”

ऑड्रींनी फुलं पाण्यात ठेवली. खोटं कशाला सांगू, त्यांनी स्वतःही थोडा हात मारून घेतला होता. बैठकीच्या खोलीत नवं हिरवं कार्पेट आलं होतं, आणि त्या कार्पेटवर एक मांजर. “विचारलं मी त्याला,” त्या माझी नजर चुकवत म्हणाल्या. “हो म्हणाला.” मांजर डेस्मंड यांच्या मांडीवर झोपलं होतं आणि ते वरून त्याच्याकडे असे बघत होते, जसे एके काळी मालकांच्या केककडे.

मी ठरवलं, या माणसाला दुसरं काही येवो न येवो, ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे. तोंडानं नाही तर हातानं. अंगठा वर म्हणजे हो, अंगठा खाली म्हणजे नाही.

आता आमच्याकडे काम करण्याआधी कामाचं ध्येय मंजूर करून घ्यावं लागतं. ते मंजूर करते आमची प्रमुख टॅमसिन. टॅमसिननं शेवटचा पेशंट कधी पाहिला ते तिला आठवत नाही, पण त्यांच्याबद्दल तिला आदर फार. ती त्यांना ‘लाभार्थी’ म्हणते.

“‘नाही म्हणता येणे’,” तिनं वाचलं आणि नाक मुरडलं. “रोवीना, हे फार नकारात्मक वाटतं गं.”

“नकारच आहे तो.”

“पण लाभार्थीचा प्रवास सकारात्मक हवा. असं लिहू या का, ‘आपली पसंती आत्मविश्वासाने व्यक्त करणे’?”

“त्याला काहीच पसंत नाहीये, टॅमसिन. तेच तर त्याला सांगायचंय.”

तिनं ते सकारात्मकच लिहिलं. मी जाऊन नकारच शिकवला.

आम्ही आठवड्यातून दोनदा बसायचो. मी ओटकेकवर चीज घालून पुढे ठेवायची आणि विचारायची, “हा बूट आहे का?” डेस्मंड यांचा अंगठा हळूहळू, थरथरत, खाली वळायचा. आणि तो खाली पोचतो न पोचतो तोच तोंडातून निघायचं, “हो.” मग ते स्वतःच्या तोंडाकडे खाली बघायचा प्रयत्न करायचे, मालकाला फितूर झालेल्या कामगाराकडे बघावं तसे. महिनाभरात अंगठा बऱ्यापैकी विश्वासू झाला. तोंड काही सुधारलं नाही. आणि खरी अडचण अशी की अंगठ्याकडे बघतो कोण? लोकांना पाहिजे तो शब्द कानावर पडला की त्यांचे डोळे आपोआप मिटतात.

म्हणून मी ऑड्रींना शिकवायला सुरुवात केली. “शब्द ऐकू नका,” मी म्हणायची. “हात बघा, चेहरा बघा. आणि सूर ऐका. त्यांचे सगळे ‘हो’ एका सुरात नाहीत.”

ऑड्री यात लवकर तरबेज झाल्या. आयुष्यभर पाकळीची कड कुठे संपते ते बघत आलेल्या बाईला ते जड नव्हतं. एकदा डेस्मंड यांचा एक तुटका, खालच्या पट्टीतला “हो” ऐकून त्या म्हणाल्या, “हा तर कारखान्यातला ‘नाही’ आहे, पोरी. अगदी तोच. फक्त कपडे बदललेत.”

*

त्यांची मुलगी लॉरेन तासाभराच्या अंतरावर, चेशरमध्ये राहायची. मोठ्या कंपनीत होती, माणसांना कामावर घ्यायच्या आणि काढायच्या खात्यात. भट्टीवरच्या पुढाऱ्याच्या मुलीनं हे काम निवडावं याचं डेस्मंड यांना काय वाटत असेल, हे त्यांनी आजारी पडायच्या आधी सविस्तर सांगून ठेवलं होतं म्हणे. दोघांचं फारसं बोलणं नव्हतं.

आता ती दर शनिवारी यायला लागली. टापटीप, घाईत, हातात फोन. एका शनिवारी मी गेले तेव्हा तिनं मला दारातच गाठलं.

“बरं झालं भेटलात. घर विकतोय आपण. माझ्या घराजवळ छान फ्लॅट बघितलाय, लिफ्ट आहे, खाली नर्स असते. हा जिना बघा ना तुम्ही! बाबा परत पडले तर? आई उचलू शकणार आहे का त्यांना?”

“त्यांना विचारलंत?”

“विचारलं ना. तीनदा विचारलं. हो म्हणाले.”

मी तिला ‘हो’बद्दल जे सांगायचं ते सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. कामावरून काढायच्या माणसाचंही ती असंच शांतपणे ऐकून घेत असणार. “म्हणजे तुमचं म्हणणं असं,” ती म्हणाली, “की माझ्या वडिलांना आयुष्यभर नाही म्हणता येत होतं तेव्हा ते चूक होते, आणि आता हो म्हणतात तर तेही चूक?”

“पहिलं वाक्य माझं नाही.”

“पुढच्या शनिवारी वकील येतोय. त्याला तुमचं मत हवंय, बाबांना कळतंय का यावर. कळतंय ना त्यांना?”

“सगळं कळतं.”

“मग झालं तर.” ती गाडीकडे वळली.

मी आत गेले. डेस्मंड खिडकीबाहेर बघत होते. ऑड्री स्वयंपाकघरात बटाटे सोलत होत्या. माझ्या विषयात हे बसत नव्हतं, तरी मी खुर्ची ओढून बसले.

“ऑड्री, तुम्हाला जायचंय तिकडे?”

“डेस हो म्हणाला.”

“त्यांचं सोडा. त्यांच्या होकाराची किंमत तुम्हाला माझ्याइतकीच माहिती आहे. तुम्हाला?”

त्यांनी सालाची लांबलचक पट्टी सोडवून बाजूला ठेवली. “मला कुणी विचारलेलं नाही गं असं. म्हणजे विचारायचे, पण मी सांगायची, ‘डेसला आवडायचं नाही.’ दारावर विमावाला आला, ‘डेसला आवडायचं नाही.’ माझी बहीण म्हणाली, महिनाभर येऊन राहते, ‘मी काय, ये गं, पण डेसला आवडायचं नाही.’ लॉरेननं स्पेनची तिकिटं काढली होती आमच्यासाठी. मला विमानाची भीती वाटते. पण पोरीनं एवढ्या हौसेनं काढलेली. मी यालाच पुढे केलं. हा फोनवर नाही म्हणाला आणि ती दोन वर्षं याच्याशी धड बोलली नाही.”

“त्यांना माहिती होतं?”

“कशासाठी नाही म्हणतोय ते? माहिती होतं की. जेवताना म्हणायचा, ‘आज तुझे दोन आणि माझा एक.’” त्या हसल्या. “कार्पेटचा नकार मात्र त्याचा स्वतःचा होता. ते मी वसूल केलं.”

म्हणजे ज्या माणसाच्या हेकटपणाच्या गोष्टी अख्खं बर्स्लेम चवीनं सांगत होतं, त्याच्या खात्यावरचे निम्मे नकार या पाच फुटी बाईचे होते, आणि ती चर्चच्या बायकांत ‘बिचारी ऑड्री, काय सोसते’ म्हणून प्रसिद्ध होती.

“मग आता सांगा ना लॉरेनला,” मी म्हणाले.

“मला नाही जमायचं ते,” ऑड्री म्हणाल्या. एवढा सफाईदार नकार मला डेस्मंड यांच्याकडूनही काढता आला नव्हता.

*

शनिवारी सगळे जमले. वकील तरुण आणि भला होता. वाचाघात झालेल्या माणसाशी मोठ्यानं आणि सावकाश बोलावं, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. “मिस्टर! ब्लूर! कसे! आहात!” डेस्मंड यांनी त्याच्याकडे दयेनं पाहिलं आणि “हो” म्हणाले.

मी फोटो नेले होते. हे घर, तो फ्लॅट, हा जिना, ती लिफ्ट. एक फोटो पुढे ठेवायचा, एक छोटा प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. माझ्या धंद्यातलं सगळ्यात गुणकारी औषध हे गप्प बसणं आहे, आणि ते कुणालाच पाजता येत नाही. वकिलानं दोनदा घसा साफ केला. लॉरेन पेन वाजवत होती.

“या घरात राहायचं?” मी विचारलं. अंगठा वर. “हो.”

“या फ्लॅटमध्ये जायचं?” डेस्मंड यांनी फ्लॅटचा फोटो उचलला, उलटा करून मागे काही शिक्का आहे का ते बघितलं, आणि तो टेबलाच्या कडेवरून खाली सोडून दिला. अंगठा पूर्ण खाली गेला. आणि तोंड म्हणालं, “हो.”

“ऐकलंत?” लॉरेन म्हणाली.

“हात बघा त्यांचा,” मी म्हणाले.

“तो हात थरथरतोय. शब्द स्पष्ट आहे. बाबा, मी साधं विचारतेय. तुम्ही माझ्याजवळ येऊन राहणार का?”

“हो. हो, हो, हो.” प्रत्येक ‘हो’बरोबर हात खाली आपटत होता. डोळ्यांत पाणी आलं होतं. “हो!”

“मग रडता कशाला?” लॉरेनचा आवाज चढला. “हो म्हणताय ना? मग हो!”

वकिलानं माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडणार होते. माझ्याकडे एक चांगलं, शास्त्रशुद्ध वाक्य तयार होतं, आदल्या दिवशी गाडीत पाठ केलेलं.

“नाही,” कुणीतरी म्हणालं.

ऑड्री चहाची किटली हातात धरून उभ्या होत्या. त्यांनी ती अलगद खाली ठेवली.

“आई, तू थांब जरा. बाबांना...”

“नाही म्हटलं ना मी,” ऑड्री म्हणाल्या. आवाज बारीक होता. “आम्ही येणार नाही, लॉरेन. तो नाही, आणि मीही नाही. मला ते घर आवडलं नाही. तिथल्या खिडक्या उघडत नाहीत. आणि स्पेनलाही मलाच जायचं नव्हतं.”

“स्पेन?” वकील म्हणाला. त्यानं आपले कागद चाळले.

लॉरेनचं पेन थांबलं. आणि तेवढ्यात डेस्मंड ब्लूर यांनी डाव्या हातानं टेबलावर अशी थाप मारली की सगळ्या बशा वाजल्या. ते बायकोकडे बघत होते. “हो!” ते ओरडले. “हो! हो!” अंगठा आढ्याकडे रोखलेला होता. झटका आल्यापासून पहिल्यांदा त्यांना ओरडून म्हणायचा होता तोच शब्द तोंडात आला होता.

वकील समजायचं ते समजला. तो खरंच भला होता. त्यानं चहा मात्र घेतला, रिकामा कप उलटा करून शिक्का बघितला, म्हणजे आमच्यातलाच निघाला.

लॉरेन मागच्या अंगणात गेली. थोड्या वेळानं मी गेले तेव्हा ती शेजाऱ्यांच्या नव्या भिंतीकडे तोंड करून उभी होती.

“मी त्यांना लुबाडतेय असं वाटतं ना तुम्हाला?”

“नाही.”

“फोन वाजला की माझे हात गार पडतात. कुणाचाही असला तरी. मला वाटतं, तो जिना.” तिनं नाक पुसलं. “ते आधी कधी हो म्हणालेच नाहीत हो मला. कशालाच. मी विचारलं आणि ते हो म्हणाले, तर मला वाटलं... जाऊ द्या.”

वीस वर्षांत मी लोकांना बोलायला लावण्याच्या कितीतरी युक्त्या शिकले आहे. त्यातली एकही तिथे उपयोगाची नव्हती. मी तिच्याबरोबर उभी राहिले.

*

घर विकलं गेलं नाही. जिन्याला सरकती खुर्ची बसवली. ती लॉरेननं शोधून काढली, बसवणाऱ्यांशी ती तिच्या खात्याच्या भाषेत बोलली आणि ते दुसऱ्याच दिवशी हजर झाले.

ऑड्रींना मात्र चटक लागली. पन्नास वर्षांचं तुंबलेलं होतं. मॉरिस फर्निहफ यंत्रांच्या उद्घाटनाचं आमंत्रण घेऊन आला. त्याला त्यांनी दारातच नाही सांगितलं, आणि अध्यक्षांचा हात कुठे वळलाय ते आत नेऊन दाखवलं. यंत्रं परत गेली. मॉरिस आता सगळ्यांना सांगतो की बायकांनी क्लबच्या कारभारात पडू नये. चर्चच्या बायकांना केक करून द्यायला नाही, स्वतःच्या बहिणीला महिनाभर यायला नाही. ‘बिचारी ऑड्री’ म्हणणं बंद झालं. मग त्या माझ्याकडे वळल्या. चहात पावडर घालणार नाही म्हणाल्या. मी पुन्हा गिळण्याची तपासणी केली, तर डेस्मंड साधा चहा व्यवस्थित गिळत होते. कदाचित दोन आठवड्यांपूर्वीपासूनच गिळत असतील. मला सांगणार कसे?

शेवटच्या भेटीला टॅमसिन स्वतः आली. लाभार्थींचं मत घ्यायला तिला आवडतं.

“आमच्या सेवेमुळे तुमचं ध्येय पूर्ण झालं असं तुम्हाला वाटतं का?” तिनं दोघांना मिळून विचारलं.

“हो,” डेस्मंड म्हणाले, अंगठा खाली.

“नाही,” ऑड्री म्हणाल्या. “एवढ्यात काय बंद करता? याला अजून माझं नावसुद्धा घेता येत नाही.”

टॅमसिननं थोडा विचार केला आणि ‘बहुतांशी समाधानी’ असं लिहिलं. पण ऑड्री सोडेनात. त्यांनी टॅमसिनला गाडीपर्यंत पोचवत नेलं, आणि काय बोलल्या ते मला माहीत नाही, पण मला आणखी काही आठवडे मंजूर झाले. असा नकार आमच्या खात्यात आजवर कुणाला जमला नव्हता.

त्या वाढीव आठवड्यांतल्या एका शनिवारी मी गेले तेव्हा लॉरेन आली होती. बापलेक समोरासमोर बसले होते, मध्ये कागद आणि जाड पेन. लॉरेन आता एका वेळी एकच गोष्ट विचारायला शिकली होती. फोन पर्समध्ये होता. तिनं काय विचारलं होतं ते मला ठाऊक नाही, पण ती थांबली होती, आणि डेस्मंड यांच्या मानेच्या शिरा ताणल्या होत्या. बराच वेळ गेला. चहावर साय धरली. ऑड्री दारात उभ्या होत्या.

“लॉ...” डेस्मंड म्हणाले. घाम पुसला. “लॉ... न.”

‘हो’ सोडून पहिला शब्द.

“लॉरेन म्हणाले,” लॉरेन म्हणाली. “माझं नाव घेतलं. आई, ऐकलंस ना?”

ऑड्रींनी खिडकीतून बाहेर बघितलं. हवा स्वच्छ होती. अशा दिवशी डेस्मंड इतकी वर्षं बोल्स क्लबच्या लॉनवर असायचे हे त्यांना माहीत होतं, आणि मलाही. त्या एकदा नवऱ्याकडे बघून घेऊन म्हणाल्या, “मला काय कळतंय त्यातलं. रोवीनाला विचार. ती शिकलेली आहे.”

लॉरेन माझ्याकडे वळली. वीस वर्षांचा अनुभव, विद्यापीठाची पदवी, उच्चारांचं शास्त्र. त्या शब्दात ‘रे’ कुठेच नव्हता, हे मला अगदी स्पष्ट ऐकू आलं होतं.

“हो,” मी म्हणाले. “तुमचंच नाव.”

डेस्मंड यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मुलीकडे. तिनं त्यांचा लुळा हात दोन्ही हातांत धरला होता आणि ती काहीबाही बोलत होती. त्यांनी डावा हात थोडा उचलला. अंगठ्याचं काय करावं याचा क्षणभर विचार केला आणि तो हात तसाच तिच्या डोक्यावर ठेवला.